पखवाज पावसात का उतरतो? वाद्याची निगा, शाई भरणारे हात आणि नवे वादक

आषाढी वारी जवळ आली की आळंदी, देहू, पंढरपूरच्या वाद्यांच्या दुकानांत पखवाजांची रांग लागते. कुणाची शाई उडालेली असते, कुणाची पुडी फाटलेली, कुणाची वादी तुटलेली. ऑगस्ट २०२५ मध्ये गणेशोत्सवाच्या तोंडावर राज्य सरकारने १८०० भजनी मंडळांना वाद्ये व साहित्य खरेदीसाठी प्रत्येकी २५ हजार रुपये अनुदान देण्याचे जाहीर केले. वाद्य विकत घेण्याची सोय त्यामुळे काही मंडळांना झाली. मात्र घेतलेला पखवाज दर पावसाळ्यानंतर पुन्हा बोलता करायचा कुणी, हा प्रश्न पैशाने लगेच सुटणारा नाही. पखवाज नेमका कसा बोलतो, तो बिघडतो का, त्याची निगा कशी राखतात आणि तो वाजवायला नवी मुले कुठून येतात, हे समजून घेऊ या.

गावातला पखवाज कुणाचा असतो?

बहुतेक गावांत तो कुणा एकाचा नसतोच. वर्गणीतून घेतलेला, एखाद्याने आईवडिलांच्या स्मरणार्थ दिलेला किंवा मुंबईला नोकरी करणाऱ्यांनी मिळून पाठवलेला पखवाज देवळातल्या कपाटात किंवा मंडळातल्या एखाद्याच्या घरी असतो. खोडावर रंगाने मंडळाचे नाव आणि देणगीदाराचे नाव लिहिलेले असते. सोमवारी नाही तर गुरुवारी भजन, एकादशीला जागर, वर्षातून एकदा अखंड हरिनाम सप्ताह असे त्याचे वर्ष ठरलेले असते.

सप्ताहात या वाद्याची खरी परीक्षा होते. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते, म्हणून पहारे लावले जातात आणि एकाच्या गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. या सगळ्याला मृदंग लागतो. हात बदलतात, वाद्य मात्र तेच राहते. आठव्या दिवशी काल्याचे कीर्तन होऊन पंगत उठते, मंडपवाला मांडव सोडायला लागतो आणि पखवाज गवसणीत जातो. तो पुन्हा उघडेपर्यंत त्याच्याकडे कुणी पाहत नाही. सामाईक मालकीची ही दुसरी बाजू आहे. वाद्य सगळ्यांचे असते, पण ते पुसून ठेवायचे काम कुणाचे, हे ठरलेले नसते.

ज्या मंडळात एखादा जुना वादक या कामाला स्वतःहून बांधून घेतो, तिथला पखवाज वर्षानुवर्षे टिकतो. तो गेला की दोन पावसाळ्यांत वाद्याची दशा दिसू लागते.

मृदंग आणि पखवाज एकच का?

वारकरी ज्याला मृदंग म्हणतात, तो रचनेने पखवाजच. दक्षिणेतला मृदंगम मात्र वेगळा. मृदंग या शब्दाचा अर्थच मातीचे अंग असलेला असा होतो, पण आजचे खोड लाकडाचे असते. शिसव, खैर, बाभूळ, आंबा अशा झाडाचा एकसंध ओंडका आतून कोरून ते तयार करतात. मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळते. उजवे तोंड लहान, त्यावर काळी शाई. डावे तोंड मोठे, त्याला धुमा म्हणतात.

तोंडावर बसवतात ती पुडी. ती बकऱ्याच्या कातड्याची असते. कडेची पट्टी म्हणजे चाट, शाई आणि चाट यांच्यामधला मोकळा भाग म्हणजे लव किंवा मैदान. पुडीच्या कडेने कातड्याच्या पट्ट्यांची जी जाड वेणी असते, तो गजरा. गजऱ्याच्या सोळा घरांतून वादी ओवून ती दोन्ही तोंडांमध्ये ताणतात. वादी म्हणजे जाड, बहुधा म्हशीच्या कातड्याची लांब पट्टी. वादीखाली लाकडाचे आठ गट्टे सरकवलेले असतात. गट्टे डाव्या तोंडाकडे ठोकले की उजव्या पुडीवरचा ताण वाढतो आणि स्वर चढतो. उलट सरकवले की उतरतो.

यात एकही खिळा नाही, डिंकाने जोडलेला सांधा नाही. लाकूड, कातडे आणि ताण एवढ्यावर सगळा कारभार चालतो. त्यामुळे यातले काहीही बिघडले तरी सुटे करून नवे घालता येते. चांगल्या लाकडाचे खोड अनेक पुड्या पाहते. घराघरांतून आजोबांचा पखवाज म्हणून जो दाखवतात, त्याचे खोड तेवढे आजोबांचे असते. बाकी सगळे कधी ना कधी बदललेले असते.

शाईत असे काय असते?

नाव शाई असले तरी दौतीतल्या शाईशी तिचा संबंध नाही. लोखंडाचा बारीक कीस किंवा कीट, काजळी आणि भाताची किंवा पिठाची खळ एकत्र मळून हा लगदा तयार होतो. प्रमाण प्रत्येक कारागिराचे आपले असते आणि ते सहसा सांगितले जात नाही.

लगदा लावण्याची रीत मात्र सगळीकडे साधारण सारखी. आधी पातळ थर द्यायचा, मग गुळगुळीत दगडाने तो घोटत राहायचे. वाळला की त्यावर दुसरा, जरा लहान वर्तुळाचा. मग तिसरा. मधे जाडी वाढत जाते आणि कडेला ती पातळ होत जाते. घोटण्यामागे चमक आणण्यापलीकडचा हेतू असतो. दगडाच्या दाबाने वाळत्या शाईत डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा बारीक भेगांचे जाळे तयार होते. या भेगा असतात म्हणून शाईचा कडक थर कातड्याबरोबर लवतो. भेगाच पडल्या नाहीत तर थर दगडासारखा बसेल, नाद दबेल आणि पहिल्या जोरकस थापेला तुकडा निघून येईल. नव्या वादकाला या भेगा म्हणजे बिघाड वाटतो. खरे तर त्या कारागिरीचा भाग आहेत.

शाई लावायचीच कशाला, याचे उत्तर विज्ञानाने विसाव्या शतकात दिले. साधे कातडे ताणून वाजवले तर मूळ कंपनाबरोबर जी वरची कंपने उठतात, ती मूळ कंपनाच्या पूर्ण पटीत नसतात. १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट अशी ती वेडीवाकडी येतात. म्हणून साध्या ढोलाचा आवाज दणदणीत असतो, पण त्यातून स्वर धरता येत नाही. तारेचे तसे नसते. तिची कंपने दुप्पट, तिप्पट, चौपट अशी शिस्तीत उठतात, म्हणून तंबोरा सुरेल वाटतो.

सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की, मधोमध वजन दिलेली भारतीय चर्मवाद्ये याला अपवाद आहेत. १९३४ मध्ये रामन यांनी त्यावर सविस्तर निबंध लिहिला. शाईच्या वजनामुळे कातड्याची वेगवेगळी कंपने एकमेकांजवळ येतात आणि दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशा सुरेल पटींत बसतात. पहिली नऊ कंपने मिळून पाच स्वरांत गोळा होतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे कातड्याकडून तारेसारखे काम करून घेण्याची युक्ती या देशातल्या कारागिरांनी केवळ कानाच्या भरवशावर शोधली होती. रामन यांना नोबेल मिळाले ते प्रकाशावरच्या कामासाठी, पण चर्मवाद्यांचा नाद त्यांनी सोडला नव्हता.

भजनातला पखवाज पेटीच्या सुराला मिळवावा लागतो, तो याच कारणाने. ढोल कुठल्याही पट्टीतल्या गाण्याला चालतो. पखवाजाला स्वतःचा स्वर आहे, त्यामुळे तो चुकीच्या स्वरात असला की गाणाऱ्याला टोचतो.

पावसात आवाज का उतरतो?

कातडे हवेतला ओलावा शोषते, फुगते आणि सैल पडते. ताण कमी झाला की स्वर उतरतो. वादीही कातड्याचीच, तीही सैलावते. त्यामुळे पावसाळ्यात दुहेरी फटका बसतो. काळी एकला मिळवलेला पखवाज अभंग संपेपर्यंत पांढऱ्या पट्टीकडे घसरतो, हा कोकणातल्या कुठल्याही मंडळाचा अनुभव. उन्हाळ्यात याच्या उलट घडते. कोरड्या हवेत कातडे आवळते, स्वर चढतो आणि आधीच ताणून ठेवलेली पुडी कुणी हात न लावता चाटेपाशी फाटते. मराठवाड्यातल्या चैत्र-वैशाखातल्या सप्ताहांत असे होते.

वारीत तर दोन्ही एका दिवसात भेटतात. पालख्या ज्येष्ठ वद्य सप्तमी-अष्टमीला देहू-आळंदीहून निघतात. सुमारे अडीचशे किलोमीटरच्या वाटेत सकाळी सरी आणि दुपारी चटका हे नेहमीचेच. गळ्यात पट्टा अडकवून चालत वाजवणारा मृदंगी अंगावर प्लास्टिकचा कागद घेतो, तो स्वतःपेक्षा वाद्यासाठी जास्त. दिंडीत पताकावाले पुढे, टाळकरी दोन्ही बाजूंना आणि मृदंगी मधे. त्याला थांबून वाद्य मिळवायला सवड नसते. म्हणून अनुभवी मृदंगी मुक्कामावर पोचल्यावर आधी पखवाज पुसतो, मग पायाकडे बघतो.

हलगीचे याबाबतीत बरे असते. ती सैलावली की पाचटाचा जाळ करून दोन मिनिटे शेकायची, की ती पुन्हा कडकडू लागते. ही सवय कुणी पखवाजाला लावली तर मात्र वाद्य गेले म्हणून समजावे. शाईतली खळ उष्णतेने ठिसूळ होते आणि थर सुटतो. भिजलेला पखवाज कोरड्या फडक्याने टिपून सावलीत, वारा लागेल असा ठेवायचा. वेळ लागतो, पण दुसरा उपाय नाही.

डाव्या तोंडाला कणीक कशासाठी?

उजव्या तोंडावर कायमची शाई, तर डाव्यावर दर वेळी नवी कणीक. गव्हाचे पीठ पाण्यात मऊ भिजवून त्याची चकती धुम्याच्या मधोमध थापतात. तिच्या वजनाने डाव्या तोंडाचा स्वर खाली येतो आणि तो घुमारदार, पोटातून आल्यासारखा आवाज मिळतो. कणीक जास्त झाली तर आवाज बसका होतो, कमी झाली तर पोकळ. किती लावायची याचे माप नसते. थोडी लावायची, थाप मारून ऐकायचे, पुन्हा चिमूटभर वाढवायची.

निगेतली सर्वांत मोठी चूक याच ठिकाणी होते. भजन रात्री एक-दीडला संपते, सगळे चहा पिऊन घरी जातात आणि कणीक तशीच राहते. सकाळपर्यंत ती वाळून कातडे आखडते. नंतर ती चाकूने खरवडताना कातड्याला चरे पडतात. शिवाय पिठाच्या वासावर उंदीर आणि झुरळे येतात आणि कणकेबरोबर पुडीही कुरतडतात. पखवाज उंदरांनी खाल्ला असे मंडळे सांगतात, तेव्हा बहुतेक वेळा उंदरांना जेवायला वाढलेले असते. वाजवून झाल्याबरोबर ओली असतानाच कणीक बोटांनी काढायची, ओलसर फडक्याने धुमा पुसायचा, मग कोरड्या फडक्याने. काम पाच मिनिटांचे असते.

हातोडी कुठे मारायची?

स्वर फार उतरला असेल तर गट्टे ठोकायचे, थोडासा फरक असेल तर गजऱ्यावर हलके ठोके द्यायचे. गजऱ्यावर वरून ठोकले की स्वर चढतो, खालच्या बाजूने ठोकले की उतरतो. खरी गोम सोळा घरांत आहे. सगळ्या घरांवर स्वर एकच लागला पाहिजे. एका घरावर ठोकल्यावर लगेच त्याच्या समोरच्या घराकडे जायचे, म्हणजे ताण सारखा बसतो. नवशिका जिथे बेसूर ऐकू येते तिथेच ठोकत राहतो. मग गजरा एका बाजूला कलतो, चाट तिरकी होते आणि पुडी त्या बाजूने फाटते. ठोका चुकून शाईवर किंवा लवेवर बसला तर आणखी वेगळा खर्च.

शाईचा एखादा खडा निघाला, वाजवताना बारीक खरखर येऊ लागली की अनेक मंडळांत कुणीतरी डिंकाची ट्यूब काढतो. चिकटवलेला खडा महिनाभर तग धरतो. पण डिंक भेगांत उतरून त्या बुजवतो आणि पुढे कारागिराला ती शाई पूर्ण काढूनच नवी भरावी लागते. पुडीला तेल लागू देऊ नये, घामेजल्या हाताने वाजवू नये, गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नये, फार दिवस वाजवायचा नसेल तर गट्टे सैल करून ठेवावा. हे सगळे नियम जुने वादक पाठ सांगतात. लिहून मात्र कुठे लावलेले नसतात. देवळाच्या कपाटावर चप्पल बाहेर काढा असे लिहिलेले असते, कणीक काढा असे लिहिलेले नसते.

शाई भरणारे कमी का होत आहेत?

पुडी बदलणे, वादी ओढणे, शाई भरणे हे काम पिढीजात घरांकडे आहे. मिरज, पुणे, पंढरपूर अशा ठिकाणी वाद्ये करणारी-दुरुस्त करणारी अनेक कुटुंबे मुस्लीम आहेत. काही कातडीकाम करणाऱ्या समाजांतली आहेत. ज्या मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिथलेच कारागीर भजनातल्या वीणाही करतात. विठ्ठलाच्या भजनाचा सूर अशा घरांतून लागून येतो, याचे वारकऱ्यांना कधी नवल वाटलेले नाही.

कातडे कमावणाऱ्या हातांच्या बाबतीत मात्र समाज इतका सरळ वागला नाही. मृदंग गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत जात होता, त्याचे कातडे कमावणारा महाद्वाराबाहेर थांबत होता. पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. हा इतिहास फार लांबचा नाही. या घरांतली शिकलेली मुले कातड्याच्या कामाकडे परत येत नाहीत, याचे कारण केवळ पैशात शोधणे बरोबर ठरणार नाही.

पैशाचे कारण अर्थात आहेच. एक पुडी नीट भरायची तर थर, घोटणे, वाळवणे यात तासन् तास जातात. वाळण्याचा वेळ धरला तर दिवस जातात. ग्राहकाला मात्र संध्याकाळी परत हवी असते. काम वर्षभर सारखे नसते. वैशाख ते आषाढ घाई, मग गणपतीपर्यंत बरे, पुढे सप्ताहांच्या दिवसांत पुन्हा. मधल्या महिन्यांत दुसरे काहीतरी करावे लागते. वादी ओढून बोटे सोलपटतात, लोखंडाचा कीस हातात आणि छातीत जातो. शिकायला वर्षे लागतात आणि शिकून झाल्याचे प्रमाणपत्र कुणी देत नाही.

यामुळे तयार पुडीचा बाजार वाढला. मोठ्या शहरांतून तयार पुड्या येतात, दुकानदार त्या बसवून देतो. सोय चांगली आहे. पण पुडी खोडाच्या तोंडाच्या मापाची आणि मंडळाच्या पट्टीची असावी लागते. वारकरी गायनाची पट्टी बहुधा वरची असते. त्या पट्टीचा विचार न करता केलेली पुडी ताणून तिथे नेली तर लवकर दमते.

दुसरा तोडगा नटबोल्टचा. वादी आणि गट्टे काढून लोखंडी हूक आणि बोल्ट लावले की पखवाज पान्याने मिळवता येतो. गावातला कुणीही मुलगा हे काम करू शकतो आणि पावसातही पटकन ताण देता येतो. जाणकार नाक मुरडतात. वजन वाढते, बोल्ट गंजतात, पान्याचा एक आटा जास्त फिरला की पुडी फाटते, अशा त्यांच्या तक्रारी. त्या खऱ्या आहेत. तरीही ज्या गावापासून कारागीर दोन तालुके दूर आहे, त्या गावाने नटबोल्ट लावला तर त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. ढोलकीच्या बाबतीत हा बदल केव्हाच पचला. तमाशाच्या फडापासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत नटबोल्टची ढोलकी सर्रास दिसते.

नवी मुले कुठे शिकतात?

वाजवणाऱ्यांची बाजू त्या मानाने आशादायक आहे. आळंदीत विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे तिच्या आजूबाजूला लहान-मोठ्या अनेक संस्था उभ्या राहिल्या. गावोगावची मुले तिथे राहून कीर्तन, गायन, मृदंग शिकतात. पहाटे इंद्रायणीकाठच्या खोल्यांतून एकाच वेळी आठ-दहा मृदंगांचा रियाज ऐकू येतो. कुणाचे ‘धा धा दिं ता’ संथ लयीत, कुणाचे दुपटीत. सुट्टीत गावी आलेली हीच मुले मे महिन्यात बालसंस्कार शिबिरे घेतात. हरिपाठ, पावली आणि मृदंगाचे पहिले बोल चौथी-पाचवीच्या पोरांपर्यंत पोचतात ते इथून.

वारकरी मृदंग आणि शास्त्रीय पखवाज यांच्यात भिंत नाही. वाईजवळच्या बावधनचे नाना पानसे एकोणिसाव्या शतकात इंदूरच्या होळकर दरबारात गेले आणि त्यांच्या नावाचे घराणे झाले. बीड जिल्ह्यातल्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर वारकरी परंपरेतून आले आणि पद्मश्रीपर्यंत पोचले. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमध्ये पखवाज हा विषय आहे. शास्त्रीय कला आणि लोककलांतल्या प्रावीण्यासाठी दहावीच्या परीक्षेत जादा गुण मिळण्याची तरतूद राज्यात आहे. पालकांना पटवायला याचा उपयोग होतो. मुलाच्या हातातला पखवाज अभ्यासाच्या आड येतो ही तक्रार त्यामुळे थोडी मवाळ होते.

कोकणात मुलांना ओढणारी गोष्ट वेगळी. तिथे डबलबारी असते. दोन बुवा, दोन मंडळे, समोरासमोर भजनाचा सामना आणि पहाटेपर्यंत जागणारे गाव. बुवाइतकाच पखवाजवाल्याचा चाहतावर्ग असतो. त्याचे तुकडे मोबाइलवर फिरतात आणि पोरे ते ऐकून पत्र्याच्या डब्यावर वाजवून बघतात. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या काळात चाकरमान्यांनी खोल्याखोल्यांतून भजनी मंडळे चालवली. गणपतीला गावी येणाऱ्या त्यांच्या नातवंडांत अजून एखादा तरी पखवाज धरणारा निघतो.

मुली हा आणखी एक बदल. महिलांची भजनी मंडळे जुनी आहेत, पण पखवाज वाजवायला पुरुष बोलावला जायचा. आता शिबिरांतून शिकलेल्या मुली स्वतः मृदंग गळ्यात घालतात. वाद्य जड आहे ही सबब पुढे करणाऱ्यांनी डोक्यावर तुळस घेऊन पंढरपूरपर्यंत चालणाऱ्या बायका पाहिलेल्याच असतात.

मूल टिकते कधी, हे मात्र वर्गाबाहेर ठरते. शिबिरात आठ दिवस शिकलेला मुलगा जूनमध्ये मंडळात येतो, तेव्हा त्याला टाळ देऊन मागे बसवतात. पखवाज थोरल्यांच्या मांडीवरून सुटत नाही. काही मंडळांनी यावर साधी वाट काढली आहे. भजनाची सुरुवात किंवा हरिपाठ मुलाने वाजवायचा, पुढचे अभंग जाणत्याने. चुकले तर थांबवायचे नाही, टाळकऱ्यांनी ठेका धरून ठेवायचा. “वाजव माउली, आम्ही आहोत,” एवढे म्हातारा विणेकरी म्हणाला की मुलाचा हात मोकळा होतो. हरिपाठाची लय ठरलेली, सगळ्यांना पाठ. त्यात नवा हात सांभाळून घेता येतो.

त्याच मुलाकडे कणीक भिजवण्याचे आणि काढण्याचे काम दिले तर दोन गोष्टी साधतात. वाद्याचा कान तयार होतो आणि कपाटातल्या पखवाजाला धनी मिळतो. जुन्या पखवाजींकडे शिष्याने आधी वाद्य पुसायचे, मग वाजवायचे, अशी रीत होतीच.

मग अनुदानाने काय होईल?

वाद्य खरेदीला मिळणाऱ्या पैशाने मंडळाकडे नवा पखवाज येईल, पेटी येईल, टाळांचा जोड येईल. ज्यांच्याकडे काहीच नव्हते त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. राज्य सरकारने २०२४ मध्ये वारीतल्या दिंड्यांना प्रत्येकी २० हजार रुपये जाहीर केले, त्यातूनही काहींची वाद्यांची गरज भागली असेल. मात्र खरेदी एकदाच होते, पुडी पुन्हा पुन्हा लागते. दुरुस्तीला हक्काचा पैसा कुठल्याच खात्यातून येत नाही, तो मंडळाच्या पेटीतूनच काढावा लागतो. आणि पैसा असला तरी हात लागतो.

गाड्यांची दुरुस्ती शिकवणारा अभ्यासक्रम तालुक्याच्या आयटीआयमध्ये असतो. वाद्यदुरुस्ती शिकायची तर एखाद्या कारागिराच्या घरी बसावे लागते आणि तो घरचाच मुलगा बसवू शकत नाही अशी त्याची स्थिती. वारकरी संस्थांनी मृदंगाच्या वर्गाबरोबर वर्षातून काही दिवस अशा कारागिराला मानधन देऊन बोलावले, निदान वादी ओढणे, पुडी बसवणे आणि गजरा सारखा करणे एवढे मोठ्या मुलांना शिकवले, तर गावातली निम्मी कामे गावातच होतील. शाई भरण्याचे काम असे चार दिवसांत येणार नाही. त्यासाठी कारागिराकडेच जावे लागेल आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्यावे लागतील. घासाघीस करून संध्याकाळी परत मागितलेली पुडी पुढच्या एकादशीला खडे टाकते, हे मंडळांनी अनेकदा अनुभवले आहे.

दुरुस्तीला केव्हा द्यावा?

वारीच्या आठवडाभर आधी दुकानात गेले तर नंबर लागत नाही आणि लागला तरी ओल्या हवेत शाई नीट वाळत नाही. थरांना कोरडी हवा आणि सावकाश वाळणे लागते. त्यामुळे पुडी बदलायची किंवा शाई भरायची असेल तर पखवाज चैत्र-वैशाखात द्यावा. नवी पुडी पहिले काही दिवस सैल पडत जाते, म्हणून ती घरी आणून रोज थोडी वाजवावी, थोडी थोडी चढवावी आणि वारीत नेण्याआधी किमान दोन भजने तिच्यावर काढावीत. लांबच्या दिंडीत एक जादा पुडी, वादीचा तुकडा, हातोडी, सुके फडके आणि पिठाची पिशवी असे सामान मृदंग्याच्या पिशवीत वेगळे बांधलेले असते. पीठ प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधावे, कारण वाटेत भिजणाऱ्या वस्तूंत त्याचा नंबर पहिला लागतो.